अकालीं सुरकुतणारी त्वचा

लग्नघरीं असा एक प्रसंग पुष्कळांनीं पाहिला असेल. दोन सख्ख्या बहिणी बऱ्याच दिवसांनीं एकत्र येतात. थोरली शहरांत दिलेली. तिचा दिवस घराच्या नाहीं तर कचेरीच्या छपराखालीं जातो. धाकटी कोरडवाहू शेतीच्या गांवीं दिलेली. तिचा दिवस बांधावर, कपाशीच्या ओळींत आणि चुलीपुढें जातो. एखादा अनोळखी पाहुणा धाकटीलाच थोरली समजून आधीं तिच्या पायां पडतो, आणि मांडवांत हंशा पिकतो. धाकटीहि हंसते, परंतु मागाहून आरशासमोर क्षणभर थबकते. दोघी एकाच आईबापांच्या लेकी, एकाच घरचें अन्न खाऊन वाढलेल्या. आणि वयानें लहान तीच वृद्ध दिसूं लागलेली. काळानें तिच्याच चेहऱ्यावर इतक्या घाईनें रेघा कां ओढाव्यात?

या प्रश्नाला नेहमीं दोन उत्तरें मिळतात. कोणी म्हणतो, ‘हें ज्याच्या त्याच्या हाडामांसाचें देणें आहे’. कोणी म्हणतो, ‘काळजीनें माणूस असें वाळतें’. दोन्ही उत्तरांत थोडें तथ्य आहे. पण मुख्य कारण दोहोंतहि नाहीं. त्वचेला येणारें वार्धक्य दोन प्रकारचें असतें, असें वैद्यकशास्त्र सांगतें. एक आंतून येणारें. तें देहाबरोबर ठरलेलें, थोड्याफार फरकानें सर्वांना सारखेंच. दुसरें बाहेरून लादलें जाणारें. तें ऊन, धूर, तंबाखू आणि राहणींतील कांहीं संवयी यांमुळें येतें, व त्याचा मोठा भाग टाळतां येतो. हा भेद ठाऊक नसल्यामुळें घरोघर दुहेरी नुकसान होत असतें. जें टाळण्यासारखें आहे तें दैवाचें म्हणून सोडून दिलें जातें. आणि जें टळणारें नाहीं त्याच्यासाठीं महागड्या मलमांवर पैसा खर्च होतो. कधीं कधीं तर त्या मलमांनींच त्वचेचा नाश होतो.

हा भेद खरा कीं खोटा, हें पाहण्यासाठीं प्रयोगशाळेंत जावयाला नको. ज्यांचें वय पन्नाशीच्या पुढें गेलें आहे, त्यांनीं आपला हात उजेडांत धरावा. प्रथम दंडाची आंतील, म्हणजे बगलेकडची बाजू पाहावी. नंतर त्याच हाताच्या पंजाची मागील बाजू पाहावी. दंडाच्या आंतल्या बाजूची कातडी किंचित् सैल व पातळ झालेली असेल, पण ती मऊ, एकसारख्या रंगाची व बहुधा निर्डाग असते. पंजाच्या पाठीवरची कातडी मात्र खरखरीत, काळवंडलेली, जागोजाग ठिपक्यांची आणि चिमटींत धरून सोडली तर हळूहळू मूळ जागीं जाणारी अशी आढळेल. दोन्ही जागांचें वय एका दिवसानेंहि कमीजास्त नाहीं. रक्त तेंच, अन्न तेंच, काळजीहि तीच. फरक एवढाच कीं, एक जागा आयुष्यभर सावलींत राहिली व दुसरी उजेडांत. दंडाची आंतील बाजू वय सांगते. पंजाची पाठ वयांत उन्हाची भर घालून सांगते.

असें कां होतें, हें समजण्यासाठीं कातडीची घडण थोडी पाहावी लागेल. कातडीचे मुख्य थर दोन. वरचा थर फार पातळ. बहुतेक ठिकाणीं तो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकाच असतो. त्याच्या तळाशीं नव्या पेशी जन्मतात, त्या हळूहळू वर सरकतात, वर येतां येतां मरतात आणि शेवटीं कोंड्याच्या रूपानें गळून पडतात. या प्रवासाला सुमारें चार आठवडे लागतात. याच थराच्या तळाशीं मेलॅनिन नांवाचें रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. खालचा थर याहून पुष्कळ जाड. त्यांत रक्तवाहिन्या, घर्मपिंड व ज्ञानतंतूंचीं टोकें असतातच. पण त्याचें खरें बळ दोन प्रकारच्या धाग्यांत आहे. कोलॅजेन नांवाचे धागे दोरखंडासारखे मजबूत असतात; त्यांनीं कातडीला भरीवपणा येतो. इलॅस्टिन नांवाचे धागे रबरासारखे ताणले जाऊन पुनः आखडतात. त्यांनीं कातडीला लवचिकपणा येतो.

सुंभानें विणलेली बाज ज्यांनीं वापरली आहे त्यांना हें सहज कळेल. वीण घट्ट आहे तोंवर वरची चादर सपाट राहते. सुंभ झिजून तुटूं लागला, वीण सैल पडली, कीं बाजेला झोळ येतो. आणि मग चादर कितीहि धुतली, इस्त्री केली, तरी तिला वळ्या पडतातच. कातडीचेंहि तसेंच आहे. सुरकुती दिसते वर, परंतु तिचें कारण बहुतांशीं खालच्या थरांत, कोलॅजेनच्या विणींत असतें. वय वाढतें तसें नवें कोलॅजेन कमी तयार होऊं लागतें, ही झाली निसर्गाची चाल. ती मंद असते. तिला वेग आणणारें पहिलें व सर्वांत प्रबळ कारण म्हणजे सूर्यप्रकाश.

सूर्यप्रकाशाचे सात रंग शाळेंतील मुलालाहि ठाऊक असतात. जांभळ्या रंगाच्या पलीकडेहि, डोळ्यांना न दिसणारे कांहीं किरण असतात, हें १८०१ सालीं जर्मनींतील येना येथें योहान रिटर या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें. चांदीच्या क्षारानें माखलेला कागद त्यानें सप्तरंगी पट्ट्यांत धरला, तेव्हां जांभळ्याच्या पलीकडील अंधारांत तो अधिक जलद काळा पडला. यांनाच आतां अतिनील किरण म्हणतात. त्यांच्या तीन जाती मानल्या आहेत. त्यांना सोयीसाठीं अ, ब आणि क म्हणूं. क-जातीचे किरण सर्वांत घातक. पण वातावरणांतील ओझोन वायु त्यांना पृथ्वीवर येऊंच देत नाहीं. ब-जातीचे किरणहि तो पुष्कळसे अडवितो. राहिलेले ब-किरण कातडीच्या वरच्या थरांत मुरतात. उन्हानें कातडी लाल होणें, भाजणें हें बहुतांशीं त्यांचें काम. व ड जीवनसत्त्व तयार होतें तेंहि त्यांच्याचमुळें. अ-किरण मात्र वरचा थर ओलांडून थेट खालच्या थरांत पोंचतात. ते भाजत नाहींत, म्हणून त्यांची चाहूल लागत नाहीं. पृथ्वीवर पोंचणाऱ्या अतिनील किरणांपैकीं सुमारें ९५ टक्के अ-जातीचे असतात. सकाळ असो वा संध्याकाळ, उन्हाळा असो वा हिंवाळा, दिवस आहे तोंवर ते थोडेबहुत असतातच. आणि खिडकीच्या साध्या कांचेंतूनहि ते आंत येतात.

या किरणांनीं धागे कसे तुटतात? किरण पेशींत शिरले म्हणजे तेथें प्राणवायूचे अतिशय चंचल असे कण उत्पन्न होतात. ते पेशीला जणूं धोक्याची सूचना देतात, आणि पेशी कांहीं विकरें मोकळीं करते. हीं विकरें कोलॅजेनचे धागे कातरतात. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनीं १९९६ सालीं असें दाखविलें कीं, यासाठीं कातडी भाजण्याइतकें ऊन मुळींच लागत नाहीं. कातडी लालहि होणार नाहीं इतक्या अल्प मात्रेनेंहि कांहीं तासांतच हीं विकरें वाढूं लागतात. तुटलेली वीण शरीर दुरुस्त करतें खरें. परंतु रफू केलेल्या वस्त्राप्रमाणें दर दुरुस्तींत थोडी खोट राहून जाते. रोजची ती खोट डोळ्यांना दिसत नाहीं. वीस वर्षांची सांचली म्हणजे तिला सुरकुती असें नांव मिळतें. दुसरीकडे इलॅस्टिनचे धागे बिघडून त्यांच्या गुठळ्या होतात, आणि कातडी जाड, पिंवळट व चामड्यासारखी दिसूं लागते.

ही गोष्ट प्रथम लक्षांत आली ती धंद्यांवरून. हँबुर्ग हें मोठें बंदर. तेथील त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यानें १८९४ सालच्या आपल्या ग्रंथांत खलाशांच्या कातडीचें वर्णन केलें. वर्षानुवर्षें डेकवर उन्हावाऱ्यांत वावरणाऱ्या या लोकांचे चेहरे व हात अकालीं जाड, रखरखीत आणि डागाळलेले होत असल्याचें त्याला दिसलें. पुढें लौकरच फ्रान्समधील बोर्दो येथें द्युब्रई या डॉक्टरला द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या मजुरांत तोच प्रकार आढळला. खलाशी समुद्रावरचे, मजूर मळ्यांतले. अन्न निराळें, काम निराळें. दोघांत समान एकच गोष्ट होती, डोक्यावरचें ऊन.

याहून बोलका पुरावा २०१२ सालीं अमेरिकेंतील एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत छापून आला. त्यांत ६९ वर्षांच्या एका मालमोटार चालकाचें छायाचित्र होतें. या गृहस्थानें २८ वर्षें मोटार हांकली होती. त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेशी होती. डावी बाजू मात्र जाड, खोल सुरकुत्यांची व लोंबलेली, जणूं उजवीहून पुष्कळ वडील माणसाची. अमेरिकेंत चालक डाव्या अंगाला बसतो. खिडकी त्याच्या डाव्या गालाशीं येते. कांच त्याला भाजूं देत नव्हती, कारण ती ब-किरण अडवीत होती. पण अ-किरण तिच्यांतून २८ वर्षें येतच राहिले. आपल्याकडे चालकाची जागा उजव्या अंगाला असते, एवढाच फरक. मोटारीची पुढची कांच दुपदरी असते, ती बहुतेक अ-किरणहि थोपविते; बाजूच्या कांचा पुष्कळदां तसें करीत नाहींत. दिवसेंदिवस एकाच खिडकीशीं, ऊन अंगावर घेत बसणाऱ्या कारकुनानें अगर शिवणकाम करणाऱ्या गृहिणीनेंहि हें ध्यानीं ठेवण्याजोगें आहे.

येथें एक शंका निघेल. हे सगळे दाखले गोऱ्या लोकांचे; सांवळ्या वर्णाला ऊन काय करणार? शंकेंत अर्धें सत्य आहे. मेलॅनिन ही निसर्गानें दिलेली छत्रीच होय. ज्याच्या कातडीत तें अधिक, त्याच्या खालच्या थरापर्यंत कमी किरण पोंचतात. त्यामुळें आपल्याकडे सुरकुत्या युरोपीय लोकांपेक्षां बऱ्याच उशिरां पडतात, आणि उन्हामुळें होणारा त्वचेचा कर्करोगहि कमी आढळतो. परंतु ही छत्री भोंकें नसलेली नव्हे. शिवाय सांवळ्या कातडीवर उन्हाचा परिणाम आधीं दिसतो तो सुरकुतीच्या रूपानें नव्हे, तर रंगाच्या रूपानें. गालांवर येणारे वांग, कपाळाच्या कडेचा काळसरपणा, डोळ्यांखालचे बारीक काळे ठिपके, हीं सर्व रंगद्रव्याच्या पेशी उन्हानें चाळवल्याचीं लक्षणें असूं शकतात. सांवळ्या कातडीत तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशहि हा काळेपणा वाढवितो, असें प्रयोगांत आढळलें आहे. वांगामागें गरोदरपण, विशिष्ट औषधें आणि आनुवंशिकता हीं कारणेंहि असतात. पण ऊन लागत राहिलें तर कोणत्याहि कारणाचे वांग हटत नाहींत.

आपल्या प्रदेशाचें ऊन तर साधें नाहीं. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर सूर्य वर्षांतून दोनदां नेमका डोक्यावर येतो. एकदां मे महिन्याच्या मध्याला आणि एकदां जुलैच्या अखेरीस. त्या दिवशीं भर दुपारीं उभ्या काठीची सावली पडत नाहीं. मे महिन्यांतील दिवस सर्वांच्या ध्यानांत येतो. जुलैचा ढगांआड लपतो. ढग आहेत म्हणून किरण नाहींत, असें मात्र नव्हे; विरळ ढगांतून अतिनील किरणांपैकीं बराच मोठा हिस्सा खालीं उतरतो. उकाडा आणि अतिनील किरण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें येथें पक्कें समजून घ्यावें. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथील ऊन सौम्य वाटतें, माणसें तासन् तास त्यांत हिंडतात. पण दर हजार मीटर उंचीमागें अतिनील किरण सुमारें १० टक्क्यांनीं वाढत असतात. कोंकणच्या पुळणीवर वरून येणाऱ्या किरणांत वाळूवरून उलटणाऱ्या किरणांची भर पडते. ऊन तीव्र आहे कीं नाहीं, हें ओळखण्याची सोपी खूण अशी: आपली सावली आपल्या उंचीहून आंखूड असेल, तर तें ऊन कातडीला बाधक समजावें.

उन्हाच्या खालोखाल दुसरा शत्रु तंबाखूचा धूर. अमेरिकेंतील हॅरी डॅनिएल या डॉक्टरनें १९७१ सालीं हजारांहून अधिक माणसांच्या चेहऱ्यांची पाहणी करून असें दाखविलें कीं, धूम्रपान करणाऱ्यांना त्याच वयाच्या इतरांपेक्षां अधिक ठळक सुरकुत्या पडतात. निकोटिननें कातडींतील बारीक रक्तवाहिन्या आकसतात व तिला प्राणवायु कमी मिळतो. शिवाय मघां सांगितलेलीं कोलॅजेन कातरणारीं विकरें धूम्रपानानेंहि वाढतात. आनुवंशिकतेची शंका राहूं नये म्हणून पुढें जुळ्या भावंडांची पाहणी झाली. ओहायो संस्थानांत भरणाऱ्या जुळ्यांच्या मेळ्यांत एकरूप जुळ्यांच्या ७९ जोड्यांचीं छायाचित्रें घेण्यांत आलीं. ती माहिती २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. जोडींतील कोण धूम्रपान करतो, किंवा कोणी अधिक वर्षें केलें आहे, हें परीक्षकांना सांगितलें नव्हतें. तरी डोळ्यांखालच्या पिशव्या, ओंठांभोंवतींच्या रेघा व गालांचा झोळ हीं चिन्हें धूम्रपान करणाऱ्याच्या चेहऱ्यावर अधिक दिसलीं. हाडामांसाचें देणें दोघांचें एकच होतें. फरक पडला तो विडी-सिगारेटचा.

तिसरा शत्रु हवेंतील काजळी. जर्मनींतील र्‍हूर हा कोळशाचा व कारखान्यांचा प्रदेश. तेथील आणि आसपासच्या ७० ते ८० वर्षें वयाच्या ४०० स्त्रियांची पाहणी २०१० सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांच्या घराभोंवतीं वाहनांचा धूर व काजळी अधिक, त्यांच्या कपाळावर व गालांवर तपकिरी डाग सुमारें २० टक्क्यांनीं अधिक आढळले. चीनमध्यें झालेल्या व २०१५ सालीं छापल्या गेलेल्या एका अभ्यासांत तर लांकूड-कोळशावर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर खोल सुरकुत्या अधिक दिसल्या. म्हणजे रस्त्यावरचा धूर असो कीं स्वयंपाकघरांतला, कातडीला दोन्ही सारखेच. खेड्यांतील घरांत गॅस पोंचविणारी उज्ज्वला योजना २०१६ सालीं सुरू झाली, तिचा विचार फुप्फुसें आणि डोळे यांच्या दृष्टीनें पुष्कळ झाला. कातडीचाहि लाभ त्यांत जमेस धरावयास हरकत नाहीं.

आतां त्या धाकट्या बहिणीची गोष्ट पुनः आठवावी. पहांटे चुलीचा धूर, दिवसभर डोक्यावर ऊन, सायंकाळीं पुनः धूर. वीस-पंचवीस वर्षें हा क्रम चालल्यावर तिच्या चेहऱ्यानें वय वाढवून सांगितलें, तर त्यांत दैवाचा भाग थोडा व कष्टाचा भाग मोठा. तिला हंसण्याजोगें त्यांत कांहीं नाहीं.

खाण्यापिण्याकडे वळलें तर ठाम पुरावा थोडा कमी मिळतो. तरी एक गोष्ट निश्चित आहे. रक्तांतील साखर वाढलेली राहिली म्हणजे ती कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटते व त्यांना ताठर करते. तव्यावरच्या भाकरीला जो खमंग तपकिरी रंग येतो, तो साखर व प्रथिनें यांच्या संयोगाचा. त्याचें वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यानें १९१२ सालीं केलें. तीच क्रिया शरीरांत फार मंदपणें चालते. कोलॅजेन वर्षानुवर्षें टिकणारें असल्यामुळें त्यावर हा लेप सांचत जातो. ज्यांचा मधुमेह आटोक्यांत नाहीं त्यांच्यांत अधिकच. फळें, पालेभाज्या, डाळी यांनीं भरलेलें ताट आणि पुरेशी झोंप हीं कातडीला हितकर आहेतच. परंतु भरमसाट पाणी प्यालें कीं सुरकुत्या जातात, ही समजूत निराधार आहे. देशावरच्या कोरड्या थंडींत ज्या बारीक रेघा उमटतात त्या मात्र खऱ्या सुरकुत्या नव्हेत. तो नुसता कोरडेपणा असतो. कढत पाणी व जहाल साबण यांनीं तो वाढतो, आणि स्नानानंतर ओलसर अंगाला थोडें तेल किंवा साधें मलम चोळल्यानें कमी होतो. अभ्यंगाची जुनी चाल या बाबतींत शहाणपणाची होती.

जें शहाणपणाचें नाहीं तेंहि सांगितलें पाहिजे. गोरेपणाचा हव्यास आपल्याकडे जुना आहे, आणि त्याचा व्यापार करणारे पुष्कळ आहेत. कांहीं मलमांत स्टिरॉइड जातीचें औषध असतें. तें लावल्यावर चार-आठ दिवसांत चेहरा उजळतो, डाग फिके होतात. म्हणून शेजारीण शेजारणीला तें सुचविते. महिनोन् महिने वापरल्यावर कातडी कागदासारखी पातळ होते, खालच्या शिरा दिसूं लागतात, पुटकुळ्या येतात, आणि मलम थांबवितांच चेहरा लालबुंद होऊन आग होते. उपाय म्हणून घेतलेली वस्तूच अकालीं वार्धक्य आणते. अशा प्रकारच्या १४ स्टिरॉइडांचीं मलमें डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत, असा नियम भारत सरकारनें २०१८ सालीं केला. तरी चिठ्ठी न मागणाऱ्या दुकानदाराइतकीच चिठ्ठी न घेतां जाणारीं गिऱ्हाइकेंहि जबाबदार असतात. कांहीं बेनांवी मलमांत पारा असतो. तो कातडींतून रक्तांत जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो. घरगुती उपाय म्हणून चेहऱ्यावर लिंबाचा रस चोळून उन्हांत जाणें हेंहि धोक्याचें. त्या रसावर ऊन पडलें म्हणजे कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडूं शकतात.

मग करावें काय? ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँडमधल्या नांबूर या गांवीं या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा मोठा प्रयत्न झाला. ५५ वर्षांखालील ९०३ माणसांचे चिठ्ठ्या टाकावें तसे गट पाडले. एका गटाला ऊनरोधक मलम, ज्याला सर्वत्र सनस्क्रीन म्हणतात, तें रोज सकाळीं लावावयास सांगितलें. दुसऱ्यानें आपल्या इच्छेप्रमाणें वागावयाचें. १९९२ पासून १९९६ पर्यंत, म्हणजे सुमारें साडेचार वर्षें, हा प्रयोग चालला. आरंभीं आणि शेवटीं प्रत्येकाच्या पंजाच्या पाठीवरील कातडीचे ठसे घेऊन त्यांची तुलना केली. रोज मलम लावणाऱ्या गटांत कातडीचें वार्धक्य सरासरीनें जवळजवळ वाढलेंच नाहीं. दुसऱ्या गटाच्या मानानें तें २४ टक्के कमी भरलें. हा निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील विशेष हा कीं, यांतील पुष्कळ माणसें मध्यम वयाचीं होतीं. आतां काय उपयोग, असें म्हणण्याची वेळ त्यांचीहि गेलेली नव्हती.

तथापि मलम हा पहिला उपाय नव्हे. पहिला उपाय सावली. सकाळीं दहापासून दुपारीं चारपर्यंत शक्य तेवढीं बाहेरचीं कामें टाळावींत. टळत नसतील तर छत्री, रुंद कडेची टोपी, पूर्ण बाह्यांचें घट्ट विणीचें सुती वस्त्र यांचा आश्रय करावा. विदर्भ-मराठवाड्यांत साडीवर पुरुषी शर्ट चढवून आणि डोक्याला फडकें गुंडाळून शेतांत जाणाऱ्या बाया दिसतात. त्यांना कोणी शास्त्र शिकविलेलें नाहीं. पण त्या शास्त्राला धरूनच वागतात. उघड्या राहणाऱ्या भागापुरतें मलम. त्यावर एस्. पी. एफ्. हा आंकडा निदान ३० असावा, व अ आणि ब दोन्ही किरण अडविणारें असा उल्लेख असावा. तर्जनी व मधलें बोट यांवर लांबीभर ओढलेल्या दोन रेघांइतकें मलम चेहरा व मान यांना लागतें. बहुतेक माणसें याच्या निम्मेंहि घेत नाहींत. बाहेर राहणाऱ्यानें दर दोन तासांनीं तें पुनः लावावें. पडलेले डाग व रेघा कांहींशा कमी करणारें ट्रेटिनॉइनसारखें औषधहि आहे. परंतु तें डॉक्टरच्या देखरेखीखालींच घ्यावें, आणि गरोदर स्त्रीनें मुळींच घेऊं नये.

याचा अर्थ उन्हाचें तोंडच पाहूं नये, असा नव्हे. ड जीवनसत्त्वासाठीं ऊन हवें, आणि शहरांतील बंद घरांत राहणाऱ्या पुष्कळांना त्याची उणीव भासते. त्याकरितां हातापायांना थोडा वेळ ऊन मिळालें तर चालतें. चेहऱ्यानें तासन् तास तें सोसण्याची गरज नसते. आणखी एक सूचना. कातडीवरची जी जखम कित्येक आठवडे भरत नाहीं, किंवा जो तीळ आकार व रंग बदलतो, ती शोभेची बाब नव्हे. ती विनाविलंब डॉक्टरला दाखवावी.

या सर्व गोष्टींचा आरंभ लहानपणापासून व्हावयाला पाहिजे. मुलांचे खेळ बंद करावयाचे नाहींत. पण कवायतीचा तास भर दुपारीं ठेवण्याऐवजीं सकाळीं ठेवणें, मैदानाच्या कडेला झाडें लावणें, टोपी घालणाऱ्या मुलाला नाजूक म्हणून न चिडविणें, एवढें तर कोणत्याहि शाळेला जमण्यासारखें आहे. शेतमालकानें उन्हाळ्यांत मजुरांची वेळ पहांटेकडे ओढली आणि दुपारीं झाडाखालीं विसावा दिला, तर कामहि बुडत नाहीं.

वयानें आलेली सुरकुती लाजेची नाहीं. तिचा मान राखावा. पण ऊन आणि धूर यांनीं अगोदरच ओढलेली रेघ ही पुष्कळदां निव्वळ अनास्थेची खूण असते. आपल्याकडे दसरा झाला कीं छत्री वाळवून माळ्यावर टाकण्याची रीत आहे. ती पुनः खालीं येते मृगाच्या आसपास. मधले आठ महिने खरें ऊन असतें. तेव्हां या वर्षीं दसऱ्यानंतर छत्री माळ्यावर न टाकतां दारामागच्या खुंटीवरच राहूं द्यावी, आणि बाहेर पडतांना ती हातीं घ्यावी.